हुकाचा कल

ट्रकखाली शिरलेल्या मिस्त्रीचे फक्त पाय बाहेर दिसत होते. बराच वेळ ते पाय हलले नाहीत, तेव्हा ड्रायव्हरबाई काय ते समजली. काम होण्यासारखं असलं की तिचा नवरा खाली शीळ घालायचा. आज शीळ नव्हती.

“क्लच संपलाय,” खालून आवाज आला. “गिअरबॉक्समध्ये तेल नाही, चिखल आहे. इंजिन जाम. मागचे स्प्रिंगचे पाटे मोडलेत, आणि ब्रेकबद्दल तर बोलायलाच नको.”

“आणि चांगलं काय आहे?”

“खाली सावली छान आहे.”

ती हसली, पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती गाडीभोवती फिरत होती.

वस्तीच्या टोकाला असलेल्या एका घरामागे पत्र्याची उंच शेड होती आणि शेडमध्ये हा ट्रक. बंद पडलेल्या, उलटलेल्या, खड्ड्यात गेलेल्या गाड्या ओढून काढणारा. पुढं लांब नाक, बसकी केबिन आणि पाठीवर तिरका लोखंडी हात. हाताच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून खाली आलेला पोलादी दोर, आणि दोराला माणसाच्या डोक्याएवढा हूक.

अशा गाड्या चालवण्यात ड्रायव्हरबाईची उमेदीची वर्षं गेली होती, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या. लोक रस्त्यात अडकून पडलेले असायचे, तरी खिडकीत बाई दिसली की विचारायचे, ड्रायव्हर कुठाय? “जेवायला गेलाय, तोवर मी ओढते,” असं ती सांगायची आणि खरंच ओढायची. आता मालकानं धंदा बंद केला होता. मिस्त्रीचं लहानसं गॅरेज होतं, अंगण होतं, शेड होती. नव्हती ती फक्त गाडी. नवी परवडणारी नव्हती आणि जुन्या पाहून पाहून दोघं कंटाळले होते.

पण ही वेगळी होती. केबिनमध्ये चढायची पायरी नेहमीपेक्षा खाली होती. मूळची कापून कुणीतरी दुसरी जोडली होती, पाय दुखावलेल्या माणसालाही चढता यावं म्हणून. दाराच्या आत धरायला दांडा होता आणि त्यावर सुतळी गुंडाळली होती, घट्ट, एकसारखी, लोखंड हाताला गार लागू नये म्हणून. सीटच्या मागं घडी केलेली घोंगडी होती. हत्यारांच्या पेटीत प्रत्येक पान्याला त्याच्या मापाचा खण होता. गंज सगळीकडे होता, पण हयगय कुठंच नव्हती. ज्यानं ही गाडी वापरली त्यानं गाडीत बसवून आणायच्या माणसाचा फार विचार केला होता. सुतळीवरून बोटं फिरवताना ड्रायव्हरबाईला न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल आदर वाटला. असा तिला फार थोड्यांबद्दल वाटे.

“तुझा जीव जडलाय,” मिस्त्री बाहेर येत म्हणाला. हनुवटीवर काळं वंगण होतं. “तोंडावर दिसतंय. मालकीणबाई समोर आल्या की जरा नाक मुरड, नाहीतर भाव वाढेल.”

“अहो, हा हूक बघा.”

“बघितला. बरा आहे.”

“तसं नाही. सरळ लटकत नाहीये.”

मिस्त्रीनं मान वाकडी करून पाहिलं. हूक खरंच सरळ नव्हता. फार नाही, वीतभर. कप्पीतून निघालेला दोर शेडच्या उजव्या भिंतीकडे कलला होता आणि तसाच थांबला होता. झोका संपायच्या आत कुणी धरून ठेवावा तसा.

“जमीन उतरती असेल,” मिस्त्री म्हणाला.

“जमीन उतरती असली तर गाडी तिरकी होईल. दोर कसा होईल?”

हे त्याला पटलं आणि पटलेलं आवडलं नाही. त्यानं खिशातून दोरा काढला, त्याला एक नट बांधला आणि गवंड्याच्या ओळंब्यासारखा हुकाशेजारी धरला. नट जरा हलला आणि सरळ उभा राहिला. हूक आपला वाकडाच.

“दोराला पीळ बसलाय,” मिस्त्री म्हणाला. दोन्ही हातांनी हूक धरून त्यानं मधोमध आणला, पाठीमागं फिरवला, उलट्या बाजूला ढकलला आणि सोडला. हूक जड होता, तरी झुलला नाही. तो सावकाश परत गेला, उजव्या भिंतीकडे, त्याच जागेवर. जाताना कप्पीचा बारीक किरकिर आवाज झाला.

शेडमध्ये वाऱ्याचं नाव नव्हतं. कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्याचा तंतूही हलत नव्हता.

तेवढ्यात घरातल्या काकू चहा घेऊन आल्या. ट्रक त्यांच्या यजमानांचा. सगळे त्यांना क्रेनकाका म्हणत. ते गेल्याला बराच काळ लोटला होता. काकू बारीक चणीच्या, केस पांढरेशुभ्र, चालणं तुरुतुरु. दारातच त्यांची नजर हुकावर गेली. त्यांनी ट्रे खाली ठेवला. चहा सांडला नाही, पण कप एकमेकांवर वाजले.

“कधीपासून असा आहे?” त्यांनी विचारलं.

“आम्ही आलो तेव्हापासून असेल. लक्ष आत्ता गेलं,” ड्रायव्हरबाई म्हणाली.

काकूंनी हुकाच्या मागं उभं राहून, एक डोळा मिटून, बंदुकीचा नेम धरावा तसं त्याच्या रेषेत पाहिलं. समोर पत्र्याची भिंत होती. भिंतीपलीकडे माळ, आणि माळापलीकडे जुन्या दगडखाणीचा रस्ता.

“तुमच्याकडे स्कूटर आहे ना?” काकू म्हणाल्या. “खाणीच्या रस्त्यानं जाऊन या. कडेला बघत जा. चहा मी परत करते.”

“कशासाठी?” मिस्त्रीनं विचारलं.

“ते मला माहीत नसतं. जाऊन या. आणि तो जॅक बरोबर घ्या.”

काकूंच्या बोलण्यात वेडेपणा नव्हता. दूध उतू जातंय, गॅस बंद करा, असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. म्हणूनच कदाचित दोघं निघाली.

खाणीचा रस्ता ओसाड होता. खाण बंद पडल्यापासून तिकडे फारसं कुणी फिरकत नसे. मिस्त्री स्कूटर चालवता चालवता बोलत होता. म्हातारं माणूस, एकटं राहतं, आपण त्यांचं मन राखलं, एक चक्कर मारू आणि परत फिरू. मागं बसलेल्या ड्रायव्हरबाईनं त्याच्या खांद्यावर हात दाबला.

रस्त्यावर पाव पडले होते. आधी एक, मग चार-पाच, मग कडेच्या झुडपांत फुटलेला एक अख्खा क्रेट.

बेकरीची व्हॅन कडेवरून खाली जाऊन एका जुन्या खड्ड्यात आडवी पडली होती. दार दगडात दाबलं गेलं होतं. आत बेकरीवाला होता, शुद्धीवर, पण त्याचा आवाज गेला होता. पहाटेपासून ओरडून ओरडून त्याच्या घशातून आता नुसती हवा येत होती. जवळचा रस्ता म्हणून तो इकडून आला होता आणि इकडून येणार असल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मिस्त्रीनं जॅक लावला. ड्रायव्हरबाई फुटलेल्या काचेतून आत सरकली आणि बेकरीवाल्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दगड आणि दारामध्ये बोटभर फट झाली, मग हातभर. पाय मोडला होता, पण माणूस आला बाहेर. त्याला रुग्णवाहिकेत चढवेपर्यंत दुपार कलली. जाताना त्यानं ड्रायव्हरबाईचा हात सोडला नाही. कसं कळलं, असं तो ओठांनीच विचारत होता. तिनं मान हलवली. तिलाही ते कुठं माहीत होतं!

दोघं शेडमध्ये परत आली तेव्हा हूक सरळ लटकत होता. मिस्त्रीनं पुन्हा नट बांधलेला दोरा काढला आणि शेजारी धरला. दोन्ही अगदी समांतर. त्यानं दोरा गुंडाळून खिशात ठेवला आणि चहाचा कप उचलला.  

“आमच्या ह्यांनी कधी फोनची वाट पाहिली नाही,” काकू सांगू लागल्या. “सकाळी उठले की आधी शेडमध्ये. हूक सरळ असला की दाढी, आंघोळ, नाश्ता. वाकडा असला की तसेच निघायचे. किती जणांना आणलं त्यांनी! लोक म्हणायचे, क्रेनकाकांचं नाक तिखट आहे, त्यांना वास येतो. हे हसायचे. मी एकदा विचारलं, अहो, हे आहे तरी काय? तर म्हणाले, मला काय माहीत, पण बोलावणं आलं की जायचं.”

“आणि ते गेल्यावर?”

“इंजिन बंद पडलं. हूक काही थांबला नाही.” काकूंनी खिडकीकडे पाहिलं. “मी फोन करते, ह्याला सांगते, त्याला सांगते. लोक विचारतात, काकू, तुम्हाला कसं कळलं? काय सांगू? मला गाडी चालवता येत नाही. ज्याला येते, त्याच्याकडे हिनं जावं. एवढंच आहे माझं म्हणणं. भंगारवाला चांगला भाव देत होता, त्याला मी दारातून परत पाठवलं.”

रात्रीचं जेवण झाल्यावर मिस्त्री पाटावरून उठलाच नाही.

“घ्यायची नाही,” तो म्हणाला.

“का?”

“तू हुकावर भाळून गाडी घेणार. गाडी घ्यायची ती चासीवर. हुकाचं काय ते मला कळत नाही, आणि जे कळत नाही ते मी अंगणात उभं करत नाही.”

“तो माणूस तिथं मेला असता.”

“माहितीये.”

“मग?”

“मग काही नाही. तेच तर.” तो ताटात बोटानं रेघा ओढत राहिला. “एकदा दारात आली की झोपेतून उठून बघावं लागेल, हूक कुठं बघतोय. लग्नाला गेलो तर जीव इथं. आजारी पडलो तर जीव इथं. क्रेनकाकांना जमलं. त्यांचा पिंडच तो. आपल्याला झेपेल?”

 ड्रायव्हरबाईलाही तेच भय होतं. पण त्या भयाच्या आत कुठंतरी, लहान मुलीला शाबासकी मिळावी तसा, एक आनंदही होता, आणि तो तिला लपवता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा मिस्त्री घरात नव्हता. दुपारी आला तो डोक्यापासून पायापर्यंत गंजानं माखलेला. हातोडी घेऊन त्यानं अख्खी चासी ठोकून पाहिली होती.

“वेल्डिंग बघितलंस त्या माणसाचं?” हातही न धुता तो म्हणाला. “चासीला एकदा तडा गेला होता. त्यानं आतून पट्टी घातलीय, आणि टाका असा, की बोट फिरवलं तर कळत नाही. मी एवढी वर्षं हे काम करतोय, मला नाही जमणार. घंटेसारखी वाजते चासी. इंजिन उतरवू. गिअरबॉक्स जुन्या बाजारात मिळेल. पाटे नवे घालू.”

“म्हणजे घ्यायची?”

“चासीवर घेतोय,” तो बजावून म्हणाला. “लक्षात ठेव.”

ट्रक ओढून त्यांच्या शेडमध्ये आणला त्या दिवशी काकू रस्त्यापर्यंत चालत आल्या. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, काढला आणि मागं न पाहता घरात गेल्या.

मग कामाचे दिवस सुरू झाले. संसारातले सगळ्यात चांगले दिवस ते, असं ड्रायव्हरबाईला पुढं वाटायचं. मिस्त्रीनं इंजिन उतरवलं आणि सुटे भाग चादरीवर मांडले. जुन्या बाजारातून त्यानं गिअरबॉक्स आणला, तो अंगाखांद्यावर पोर आणावं तसा. प्रत्येक ठिकाणी त्याला क्रेनकाकांचा हात भेटायचा. इथं एक वॉशर जास्तीचा, तिथं नळी घासू नये म्हणून चामड्याची पट्टी. “शहाणा माणूस!” तो खालून ओरडायचा. “अगं, हे बघ काय केलंय!” आणि तीही खाली सरकायची, बॅटरी घेऊन, दोघं पाठीवर पडून दुसऱ्याच्या कारागिरीला दाद देत.

मधेच हूक कलायचा. मग पाने जागच्या जागी टाकून दोघं स्कूटरवर निघत, दोरखंड आणि जॅक घेऊन. एकदा शटर अडकून दुकानात कोंडलेला घड्याळजी निघाला. एकदा पाण्याची टाकी धुवायला उतरलेला माणूस आत घेरी येऊन पडला होता. लोक बोलू लागले. मिस्त्रीला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “बायकोला वास येतो,” आणि विषय बदलायचा. पण सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी तोच शेडमध्ये डोकावून यायचा.

ज्या दिवशी इंजिन सुरू करायचं ठरलं होतं, त्या दिवशी हूक अगदी सरळ होता. ऊन चांगलं पडलं होतं. शेडचं दार सताड उघडं होतं. मिस्त्री खाली मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे बोल्ट आवळत होता, शीळ घालत. ट्रकची मागची बाजू लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उचललेली होती.

ड्रायव्हरबाई कप्पीला ग्रीस लावायला वर चढली. लावता लावता तिचा कोपर दोराला लागला.

दोर हलला नाही.

तिनं हातानं ढकलून पाहिला. दोर तारेसारखा ताणलेला होता. हुकात काहीच अडकवलेलं नव्हतं. तो जमिनीपासून वर, हवेत होता. पण दोर असा ताठ होता, जणू खाली भरलेली मोटार टांगली आहे.

हूक नुसता सरळ लटकत नव्हता. तो खाली ओढत होता.

सकाळी तो तिच्या गुडघ्याएवढा वर होता. आता तिच्या पोटरीशी आला होता. ती बघत असताना दोर गुंडाळायच्या विंचचा दात एक घर सरकला. टक्. मागचे नवे पाटे करकरले.

“अहो, बाहेर या.”

“दोन बोल्ट राहिलेत.”

“आत्ता या!”

“अगं, काय झालंय तरी—”

तिनं उडी मारली, त्याचे दोन्ही घोटे धरले आणि ओढलं. एवढा जोर तिनं आयुष्यात कधी लावला नव्हता. मिस्त्री शिव्या देत, पाठ खरचटत बाहेर आला. त्याचं डोकं बाहेर आलं आणि एक घोडा तिरका झाला.

ट्रक खाली बसला.

आवाज मोठा झाला नाही. लोखंडाचा एक जड सुस्कारा, आणि जिथं मिस्त्री होता तिथं आता नुसता दांडा, जमिनीला टेकलेला.

दोघं फरशीवर बसली होती. तिनं अजून त्याचे घोटे धरलेले होते. “हूक खाली ओढत होता,” ती म्हणाली.

“चासीवर घेतली होती,” मिस्त्री म्हणाला.  मग तो हसला, मग रडला, आणि उठून त्यानं ट्रकच्या मडगार्डवर डोकं टेकवलं. “आज दुसऱ्या कुणासाठी नाही, माझ्यासाठी ओढत होता गं तो. या गाडीनं मला सांभाळलं.”

“हो,” ड्रायव्हरबाई म्हणाली. तिलाही तसंच वाटत होतं.  क्रेनकाकांना, काकूंना, त्या गंजक्या लोखंडाला, सगळ्यांना एकदम नमस्कार करावा असं वाटत होतं. मिस्त्री पाणी प्यायला घरात गेला. ती मागच्या बाजूला आली. आता कुणी अडकलेलं नव्हतं. आता दोर सैल झाला असेल.

दोर सैल झाला नव्हता.

ट्रकखाली कुणी नव्हतं. तिनं वाकून पाहिलं. काँक्रीटची फरशी होती, त्यांनी ही जागा घेतली त्याच्या कितीतरी आधीची, सपाट, कोरडी, कुठं फट नाही. हुकाचं टोक फरशीपासून बोटभर वर थांबलं होतं.

तिनं दोरावर तळवा ठेवला.

पोलाद गार होतं. आधी काही नाही. मग फरशीखालून यावेत तसे दोन हिसके, हलके. मग थांबणं. मग पुन्हा दोन हिसके, विहिरीत उतरलेला माणूस वरच्यांना ‘ओढा’ म्हणून देतो तसे.

घरातून मिस्त्रीनं हाक मारली. तिला ओ द्यायची होती. पण तिचं लक्ष आपल्या दुसऱ्या हाताकडे गेलं. तो कधीचाच विंचच्या मुठीवर जाऊन बसला होता, आणि मूठ फिरू लागली होती.